दुबईची बॅग भरताना

संपादक महोदय,

दिवाळीच्या तोंडावर आम्ही दोघं लेकाकडे दुबईला चाललो आहोत, आयुष्यात पहिल्यांदाच. व्हिसा-तिकिटाचं त्यानं बघितलं. बॅग भरायला मात्र अख्खी आळी जमली आहे! वन्सं डबाभर अनारसे घेऊन आल्या, खसखशीत थापलेले. ते इथेच फस्त करायचे ठरले. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे; सामानात सापडली तर थेट पोलिसांशी गाठ. घरच्या गरम मसाल्यातही ती असते, हे लक्षात कोण घेतो? सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही मागे ठेवल्या. त्यातल्या तेलामुळे पेट घेण्याचा धोका, म्हणून विमानात अडवतात. यजमानांच्या गुडघेदुखीच्या गोळ्यांत ट्रॅमाडॉल हे अफूसारखं काम करणारं वेदनाशामक निघालं. तिथे न्यायला आधी परवानगी लागते, म्हणून डॉक्टरांकडून गोळ्याच बदलून घेतल्या. कोडीन, म्हणजे अफूतलंच एक द्रव्य, असलेल्या खोकल्याच्या औषधाचंही तसंच.

तिकीट काढून देणाऱ्यानं वाळवंट सफारीची रंगीत पत्रकं दिली, पण काय न्यायचं नाही याबद्दल अवाक्षर नाही. फराळाचे डबे परदेशी निघतात त्याच सुमारास आपण न न्यायच्या वस्तूंची देशवार यादी छापावी, ही विनंती. त्यासाठी चकलीची पाककृती एक दिवस गाळली तरी चालेल.

– एक वाचक, चिपळूण