अभ्यासिकेत माणशी हवा किती?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पुण्याच्या पेठांमध्ये जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत मजल्यामजल्यावर अभ्यासिका निघाल्या आहेत. त्यांच्या पाट्यांवर एसी, वायफाय आणि चोवीस तास प्रवेश ठळकपणे लिहिलेला असतो. आत बसणाऱ्याला दर तासाला बाहेरची ताजी हवा किती मिळते, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. माझी मुलगी स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी अशाच एका अभ्यासिकेत दिवसाचे दहा तास बसते. ‘बाबा, दुपारनंतर डोकं जड होतं, एकच पान तीनदा वाचावं लागतं,’ असे ती वारंवार सांगू लागली, तेव्हा वातानुकूलनाच्या कामात आयुष्य गेल्यामुळे मला पहिली शंका हवेचीच आली.

चालकांच्या संमतीने मी तिथे कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र ठेवले. खोली वीस फूट बाय तीस फूट, उंची दहा फूट, म्हणजे ६,००० घनफूट किंवा १७० घनमीटर, आणि आत ४० मुले. खिडक्या कायमच्या बंद केलेल्या होत्या आणि थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून दाराखाली रबरी पट्टी ठोकलेली होती. बाहेरच्या हवेत हा वायू साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग असतो. आत पाऊण तासातच आकडा ३,०६० वर पोहोचला. एवढ्या प्रमाणात तो वायू विषारी नसतो, पण इतरांनी सोडलेला श्वास आपण किती प्रमाणात पुन्हा आत घेत आहोत, हे तो नेमके दाखवतो, आणि ज्या हवेतून सर्दी-खोकला किंवा क्षयाचे जंतू पसरतात ती हवा हीच. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच बंद खोलीसाठी १,००० पीपीएमची मर्यादा सुचवली होती.

रात्री सगळे गेल्यावर पंखे चालू ठेवून मी खोली तासभर तशीच बंद ठेवली, तेव्हा आकडा ३,०६० वरून २,०२० वर उतरला. बाहेरचे ४२० दोन्हींतून वजा केल्यास २,६४० चे १,६०० झाले. या गुणोत्तराचा नैसर्गिक लघुगणक ०.५ येतो, आणि तोच त्या खोलीचा तासाचा हवाबदल, म्हणजे खोलीच्या घनफळाच्या किती पट बाहेरची हवा तासाला आत येते तो आकडा. तासाला एक हवाबदल म्हटले, तरी आतली सगळी हवा तासात बदलते असे नव्हे, कारण नवी हवा जुनीत मिसळत राहते आणि तासाभराने सुमारे ६३ टक्केच जुनी हवा गेलेली असते. इथे तर तोही निम्मा होता. भिंतीवरचा स्प्लिट एसी आतलीच हवा थंड करून फिरवतो, बाहेरची आत आणत नाही, हे अनेक चालकांना खरोखरच ठाऊक नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा सुचवली आहे. चाळीस जणांना ती ४०० लिटर, म्हणजे तासाला १,४४० घनमीटर लागते. तिला १७० ने भागले की साडेआठ हवाबदल येतात. त्याच खोलीत दहाच मुले बसली तर दोनाहून थोडे अधिक पुरतात. म्हणून नुसते हवाबदल सांगून भागत नाही. हिशेब माणशी धरावा लागतो, आणि खुर्च्या वाढवल्या की तो पुन्हा करावा लागतो.

वीजबिल वाढेल, हा चालकांचा आक्षेप मी खोटा म्हणणार नाही. उन्हाळ्यात बाहेर ३६ अंश आणि आत २६ अंश असताना एवढी हवा थंड करायला सव्वा टनाहून अधिक क्षमता जास्तीची लागते. मात्र पुण्यात हिवाळ्याच्या संध्याकाळी हा भार नसतोच. तेव्हा खिडक्या उघडल्या तरी पुष्कळ काम होते.

या अभ्यासिकेच्या चालकांनी आकडे पाहिल्यावर मागच्या भिंतीत एक्झॉस्ट पंखा बसवला. पहिल्या दिवशी फरक जेमतेम पडला, कारण हवा बाहेर फेकायला वाट होती, आत यायला नव्हती. दाराच्या फटीपाशी उदबत्ती धरली तर धूर जवळजवळ सरळ वर जात होता. रबरी पट्टी काढून दाराच्या खालच्या भागात जाळी बसवली, तेव्हा तोच धूर झपकन आत ओढला गेला. आता भरल्या खोलीत आकडा १,१५० च्या आसपास स्थिरावतो. माणशी सेकंदाला जेमतेम सात लिटर मिळत आहेत, त्यामुळे दुसरा छोटा पंखा किंवा बारा-तेरा खुर्च्या कमी, यांपैकी एक करावेच लागेल.

जुलै २०२४ मध्ये दिल्लीत तळघरातील ग्रंथालयात पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा जीव गेला, त्यानंतर अशा जागांतून बाहेर पडण्याच्या वाटांची चर्चा झाली. तशीच हवेचीही व्हायला हवी. महापालिकेने प्रत्येक अभ्यासिकेच्या दारावर खोलीचे घनफळ, आसनसंख्या आणि माणशी मिळणारी ताजी हवा लिहिणे बंधनकारक करावे, आणि ती मोजणी खोली भरलेली असताना व्हावी, अशी माझी मागणी आपण प्रसिद्ध करावी, ही विनंती.

आपला,
एक पालक, पुणे