विषय: खोक्यावर १ पीपीएम, प्रत्यक्षात ५८

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

काल तुमच्या हेल्पलाइनला पाचवा फोन केला. सहावा करणार नाही, म्हणून लिहितोय.

तुमच्या एसडीआर डोंगलच्या, म्हणजे लॅपटॉपला लावायच्या रेडिओ रिसीव्हरच्या, खोक्यावर 'टीसीएक्सओ, १ पीपीएम' छापलंय. म्हणजे तापमान बदललं तरी फ्रिक्वेन्सी धरून ठेवणारा ऑसिलेटर, आणि चूक दहा लाखांत फार तर एक भाग. माझा नग सुरू केल्या केल्याच ४९ पीपीएमने सरकलेला असतो आणि अर्ध्या तासात तापून ५८ वर जातो. मी ऐकतो त्या १४५.८०० मेगाहर्ट्झला ही साडेआठ किलोहर्ट्झची चूक झाली. सॉफ्टवेअरमध्ये ४९चं करेक्शन टाकलं, तर तापल्यावर पुन्हा सव्वा किलोहर्ट्झ पळतो. ड्रायव्हर नव्याने टाकला, लॅपटॉप बदलला. अँटेना गच्चीवर आहे, हे पाचही वेळा सांगितलं. त्याच अँटेनावर मित्राचा जुना डोंगल बिनचूक चालतो.

यावर तुमचा प्रतिनिधी विचारतो, "सर, नक्की कुठलं स्टेशन ऐकायचंय?" म्हटलं, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. जरा थांबून म्हणाला, "सर, ते एफएमवर लागत नाही." एफएमच असतं ते, फक्त रेडिओच्या एफएम पट्ट्यात नसतं, पण जाऊ दे. मग सात मिनिटं होल्डवर बासरी. परत आला तो कुणीतरी पढवून पाठवल्यासारखा: "सर, सॅटेलाइट फिरतो ना, त्याला डॉप्लर म्हणतात."

अहो, डॉप्लर म्हणजे वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकणं; तिथे तो साडेतीन किलोहर्ट्झच्या पुढे जात नाही, आणि स्थानक डोक्यावरून गेलं की उलट बाजूला सरकतो. माझ्याकडे तर आकाशवाणी पुण्याचं १०१ सुद्धा सहा किलोहर्ट्झ वरच्या बाजूला लागतं. डॉप्लरने तेवढं सरकायला आकाशवाणीच्या टॉवरला सेकंदाला सतरा किलोमीटर वेगाने माझ्या अंगावर यावं लागेल. अजून आलेला नाही.

शेवटचा सल्ला: "रेडिओचं ॲप घ्या ना सर, मोबाइलवर क्लिअर येतं."

रात्री डोंगल उघडला. आत २८.८ लिहिलेली, दोन पायांची लांबट पत्र्याची डबी. साधा क्रिस्टल. टीसीएक्सओ तसा दिसत नाही, हे तुम्हाला मी सांगायचं? सील तोडल्याने वॉरंटी गेली म्हणाल. जाऊ दे. खोक्यावर १ पीपीएम मी छापलेलं नाही.

पंधरा दिवसांत खरा टीसीएक्सओ असलेला नग द्या, नाहीतर पैसे परत करा. नपेक्षा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार, मग जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंत तिथे फी लागत नाही, पाहून ठेवलंय. तुमचाच डोंगल घ्या म्हणून मी तिघा मित्रांच्या मागे लागलो होतो, याची आता लाज वाटते.

खोक्याचा आणि क्रिस्टलचा फोटो जोडलाय. अँटेना गच्चीवरच आहे. पुन्हा विचारू नका.