साथीत फुलांआधी हजेरीची प्रत द्या

महोदय,

साथ आली की सफाई कामगार, आशाताई, रुग्णवाहिकाचालक यांच्यावर फुले उधळली जातात. पगार मात्र कंत्राटदाराचे बिल निघेपर्यंत अडकतो. कंत्राटदाराने वेतन थकवले तर ते मुख्य मालकाने, म्हणजे ज्याने कंत्राट दिले त्याने, द्यायचे, ही तरतूद 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होती. अडते ते पुराव्यावर. 2020 मध्ये केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांना 50 लाखांचे विमाकवच दिले, कंत्राटींनाही. पण दाव्यासोबत नेमणुकीचा दाखला लागे. म्हणून कामाच्या ठिकाणासह हजेरीची सही-शिक्क्याची प्रत रोज कामगाराच्याच हाती पडावी.

‘किट दिले’ एवढ्यानेही भागत नाही. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना पीपीई किटमध्ये सलग सहा तास काम म्हणजे उष्माघातच. पाळ्या लहान हव्यात, शक्यतो पहाटेच्या. घामाने भिजलेला एन-95 तिथल्या तिथे बदलायला मिळावा. पुसण्यासाठी 5 टक्क्यांच्या हायपोक्लोराइट या जंतुनाशकाच्या एका भागात चार भाग पाणी घातले की 1 टक्क्याचे द्रावण होते. ते रोज ताजे करावे, आपल्या उन्हात कालचा कॅन दुबळा पडतो. त्यात संडास धुण्याचे ॲसिड तर चुकूनही नको, क्लोरीन वायू सुटतो.

– एक वाचक, नागपूर