वेदनाशामकाच्या जोडीला ओकारीचे औषध आधीच हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या वर्षी माझ्या पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. ती व्यवस्थित पार पडली आणि शल्यविशारदांच्या कौशल्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. भुलीतून जागी झाल्यावर पोट दुखू लागले, तेव्हा मला ट्रॅमाडॉलचे इंजेक्शन देण्यात आले. दुखणे ओसरले खरे, पण पाठोपाठ मळमळ सुरू झाली आणि मग ओकाऱ्या. पोटावर ताजे टाके असताना उशी दाबून धरून ओकणे काय असते, हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच कळेल. रात्री परिचारिका पुढचा डोस घेऊन आली, तेव्हा मीच तिला म्हटले, “दुखतंय ते सोसेन, पण ती सुई नको.” ओकारीचे औषध मिळाले ते त्यानंतर, आणि तेही माझ्या बहिणीने दोनदा विचारल्यावर.

मी हे पत्र लिहिते आहे ते माझ्या ‘ती सुई नको’ या वाक्यासाठी. वेदना आणि मळमळ यांपैकी एक निवडण्याची पाळी रुग्णावर आली, तर बरेच जण मुकाट्याने वेदना पत्करतात. मग ते खोल श्वास घेत नाहीत, खोकायला घाबरतात, पलंगावरून उठायचे टाळतात. म्हणजे छातीत कफ साठू नये आणि पायांत रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून जी हालचाल व्हायला हवी, नेमकी तीच होत नाही. केसपेपरवर मात्र ‘रुग्णाने वेदनाशामक नाकारले’ एवढीच नोंद उरते आणि ती वाचणाऱ्याला वाटते की रुग्णाला फारसे दुखत नसावे.

घरी आल्यावर मी या विषयावर जमेल तेवढे वाचले. मॉर्फीन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल यांसारखी औषधे, ज्यांना ओपिऑइड म्हणतात, ती मेंदूच्या तळाशी असलेल्या ओकारीच्या केंद्राला चेतवतात, अन्न जठरातून पुढे सरकण्याचा वेग कमी करतात आणि कानातील तोल सांभाळणारी यंत्रणाही अधिक हळवी करतात. म्हणूनच अशा रुग्णाला नुसती कूस बदलली तरी उमासे येतात. ट्रॅमाडॉल त्यातल्या त्यात सौम्य समजले जाते, पण मळमळीच्या बाबतीत त्याच्या सौम्यपणावर विसंबण्यात अर्थ नाही.

हा त्रास कोणाला होईल याचा अंदाज आधी बांधता येतो, हे वाचून मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटले. अपफेल या भूलतज्ज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये त्यासाठी चार साध्या कसोट्या मांडल्या: रुग्ण स्त्री असणे, धूम्रपान न करणे, पूर्वी शस्त्रक्रियेनंतर ओकाऱ्या झालेल्या असणे किंवा गाडी लागण्याची सवय असणे, आणि शस्त्रक्रियेनंतर ओपिऑइड द्यावे लागणार असणे. यांपैकी एकही लागू नसेल तर धोका साधारण 10 टक्के, एक असेल तर 20, दोन असतील तर 40, तीन असतील तर 60 आणि चारही असतील तर सुमारे 80 टक्के. मी स्त्री आहे, आयुष्यात कधी विडी-सिगारेटला हात लावलेला नाही, लहानपणापासून मला घाटातल्या वळणांवर गाडी लागते आणि मला ओपिऑइड दिले जाणार होते. चारपैकी चार! (परीक्षेत असे गुण मला क्वचितच मिळाले.) भुलीच्या तपासणीच्या वेळी मला दमा, रक्तदाब, मधुमेह, हलणारे दात, कवळी, सगळे काही विचारले गेले, गाडी लागते का, हे मात्र कोणी विचारले नाही.

उपायही फार दुर्मीळ नाहीत. ओकारी रोखणाऱ्या औषधांपैकी डेक्सामेथॅसोनचा एक डोस भूल देतानाच आणि ऑन्डॅनसेट्रॉन शस्त्रक्रिया संपता संपता, अशी पद्धत अनेक ठिकाणी रुळलेली आहे. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून अधिक रुग्णांवरील एका अभ्यासात असे दिसले की वेगवेगळ्या मार्गांनी काम करणाऱ्या अशा औषधांपैकी प्रत्येक औषध त्रासाची शक्यता सुमारे एक चतुर्थांशाने कमी करते आणि दुसरे जोडल्यास उरलेल्या धोक्यातून पुन्हा तेवढाच वाटा कमी होतो. म्हणून जास्त धोका असलेल्या रुग्णाला एकावर न थांबता दोन किंवा अधिक औषधे देणे योग्य ठरते. इतके करूनही ओकारी झालीच, तर काही तासांपूर्वी दिलेलेच औषध पुन्हा टोचण्याऐवजी वेगळ्या गटातले द्यावे, असे तज्ज्ञांचे मार्गदर्शन सांगते.

ही औषधे सरसकट प्रत्येकाला द्यावीत असे माझे म्हणणे नाही. ऑन्डॅनसेट्रॉनने डोके दुखू शकते आणि हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम होऊ शकतो. डेक्सामेथॅसोनने रक्तातील साखर वाढते. मेटोक्लोप्रमाइड या ओकारीवरच्या आणखी एका औषधाने काहींना, विशेषतः तरुणांना, मान आणि जबडा आखडण्याचा त्रास होतो. ऑन्डॅनसेट्रॉनबरोबर दिल्यास ट्रॅमाडॉलची वेदना कमी करण्याची ताकद काहीशी घटते, असेही काही अभ्यासांत दिसले आहे. तेव्हा निवड डॉक्टरांनीच करायची, पण ती शस्त्रक्रियेआधी करायची. रुग्णाच्या हाती तसराळे दिल्यावर नव्हे. शक्य तेथे पॅरासिटामॉल, सूज उतरवणारी वेदनाशामके आणि जखमेभोवतीचा भाग बधिर करणारी इंजेक्शने यांचा वापर वाढवून ओपिऑइडचा डोसच कमी ठेवणे, हाही याच विचाराचा भाग आहे.

माझी रुग्णालयांना विनंती एवढीच आहे की भुलीच्या तपासणीच्या छापील अर्जात गाडी लागण्याचा आणि पूर्वीच्या ओकाऱ्यांचा प्रश्न असावा आणि वेदनाशामकाच्या लेखी आदेशाखालीच, लागल्यास कोणते ओकारीचे औषध द्यायचे, तेही लिहिलेले असावे, म्हणजे रात्रपाळीच्या परिचारिकेला डॉक्टरांच्या फोनची वाट पाहावी लागणार नाही. डिस्चार्ज कार्डाकडेही लक्ष हवे, कारण त्याच दिवशी घरी सोडलेल्या रुग्णाचा त्रास पुष्कळदा घरीच सुरू होतो. गोळी घेतल्यावर थोड्याच वेळात ती ओकारीत पडली तर दुसरी घ्यायची की थांबायचे, हे माझ्या कार्डावर कोठेच नव्हते. ओपिऑइड आणि ऑन्डॅनसेट्रॉन या दोहोंनी बद्धकोष्ठ होते, हेही मला चौथ्या दिवशी, आणि स्वानुभवानेच कळले.

आपली,
एक वाचक