टाळ्या एकीकडे, मते दुसरीकडे

महोदय,

अमेरिकेतल्या डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते बेटो ओ'रूर्क टेक्सासमध्ये राज्यव्यापी निवडणूक का हरतात, याचे खापर बहुतेक जण अपुऱ्या प्रचारावर फोडतात. मला ते पटत नाही. २०१८मध्ये हा माणूस राज्यातल्या सगळ्या २५४ काउंट्या (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे भाग) पालथ्या घालून आला आणि सिनेटच्या जागेसाठी रिपब्लिकन टेड क्रूझ यांच्याकडून तीन टक्क्यांहूनही कमी फरकाने हरला. घोडे पेंड खाल्ले ते पुढच्या वर्षी. अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी ह्यूस्टनमध्ये झालेल्या चर्चेत 'एआर-१५ बंदुका (अर्धस्वयंचलित रायफली) काढून घेऊच,' असे त्यांनी ठणकावले. एल पासो या त्यांच्याच शहरात महिन्याभरापूर्वी गोळीबारात माणसे मेली होती. संताप खराच होता, ढोंग नव्हे. पण टाळ्या वाजवल्या पक्षाच्या समर्थकांनी, आणि पुढे मते मागायची होती शिकारीला जाणाऱ्या, घरात बंदूक बाळगणाऱ्या ग्रामीण टेक्सासकडे! २०२२मध्ये गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन ग्रेग ॲबट यांनी त्यांना सुमारे ११ टक्क्यांनी हरवले.

अर्थात, १९९४नंतर तिथे एकाही डेमोक्रॅटने राज्यव्यापी निवडणूक जिंकलेली नाही. ऑस्टिन, डॅलससारख्या मोठ्या शहरांत कमावलेली आघाडी छोट्या ग्रामीण काउंट्या मिळून खाऊन टाकतात.

— एक वाचक