एसएमपीएसचे अँपिअर बिलावर लिहून द्या

महोदय,

वडगावात एका खोलीत मी गेली 22 वर्षे लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. बेळगाव, खानापूर, चंदगड भागातली कामे येतात. यंदा तुळशीच्या लग्नानंतर सराई सुरू झाली आणि फोरके शूटिंगपुढे माझा जुना कॉम्प्युटर दमायला लागला. म्हणून शहरातल्या एका दुकानातून आरटीएक्स 3060 हे ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरच्या चित्राचे, व्हिडिओचे काम करणारा पार्ट) वापरलेले, 16 हजारांना घेतले. दुकानातल्याच मुलाने बसवून दिले. या कार्डाला आठ पिनांची वायर लागते. माझ्या जुन्या एसएमपीएसला, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याला, ती नव्हती. हार्ड डिस्कच्या साटा वायरीला एक कन्व्हर्टर लावून त्याने काम भागवले. "चालतंय काका, सगळे हेच लावत्यात," म्हणाला. तिथे पडद्यावर डेस्कटॉप दिसला, मी पैसे दिले.

रात्री नंदगडच्या एका लग्नाचे रेंडरिंग, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची पक्की फाइल बनवायला, लावले. दहा मिनिटांत कॉम्प्युटर बंद पडला तो पडलाच. बटण दाबले की पंखे अर्धा फेरा फिरायचे आणि थांबायचे. दुसऱ्या दिवशी एका मेकॅनिकला बोलावले. त्याने दोनदा बटण दाबून पाहिले आणि सांगितले, "बोर्ड गेलंय. नवीन घालायला साडेसात हजार." बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, ज्यावर सगळे पार्ट बसतात तो. कार्ड काढून बघणे त्याच्या मनातही आले नाही. अकरा दिवस काम बंद. नंदगडची मंडळी दोनदा हेलपाटा घालून गेली. त्यांच्यासमोर मान वर करून बोलवेना.

शेवटी पॉलिटेक्निकला शिकणारा माझा भाचा आला. त्याने प्लग काढला, कार्डाची खटकी दाबून कार्ड बाहेर घेतले, मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावली आणि बटण दाबले. डिस्प्ले आला! बोर्ड ठणठणीत होते. मग त्याने तो कन्व्हर्टर माझ्या हातात दिला. साटाकडच्या टोकाचे पांढरे प्लास्टिक तपकिरी होऊन एका बाजूने खाली ओघळले होते, नाकाशी धरले तर जळका वास. साटाच्या जोडणीतून 12 व्होल्टवर साडेचार अँपिअर, म्हणजे 54 वॉटच घ्यायचे असतात. हे कार्ड 170 वॉट खाते. त्यातले जास्तीत जास्त 75 मदरबोर्डवरच्या खाचेतून (स्लॉटमधून) मिळतात, उरलेले 95 त्या बिचाऱ्या वायरीतून ओढले जात होते. घरात आग लागली नाही, हे नशीब.

एसएमपीएसच्या स्टिकरवर मोठ्या आकड्यात 450 होते. त्याखालच्या बारीक तक्त्यात 12 व्होल्टपुढे फक्त 16 अँपिअर. गुणाकार केला तर 192 वॉट. कार्ड आणि प्रोसेसर मुख्यतः याच 12 व्होल्टवर चालतात. कार्डाचे 170 आणि प्रोसेसरचे 65 धरले तर तिथेच 235 होतात. कार्डासाठी एनव्हिडिया कंपनी स्वतः 550 वॉटचा एसएमपीएस सुचवते. हे मला कार्ड विकताना कुणी सांगितले नाही. माझे वडील आयुष्यभर मागावर बसले, कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावला नाही. पण सगळे ऐकून म्हणाले, "चाराचे सहा माग केलो तवा आदी मीटरचं लोड वाढवून घेतलो. त्यानं तुला लोड विचारलं नाही काय रे?"

650 वॉटचा चांगला एसएमपीएस 4,200 रुपयांना आणला, आठ पिनांची त्याचीच वायर कार्डाला लावली. केबल मदरबोर्डवरून काढून कार्डाला लावायची राहिली होती म्हणून पुन्हा पडदा काळा दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला, पण तेवढेच. कार्ड नीट आहे.

आपल्या भागात स्टुडिओवाले, फ्लेक्सवाले, डीटीपीवाले असे कितीतरी जण एका कॉम्प्युटरवर घर चालवतात. कर्ज काढून, उसनवारी करून एकेक पार्ट घेतात. स्टिकरवरचा इंग्रजी तक्ता मराठी शाळेत शिकलेल्या माझ्यासारख्याला कसा कळावा? म्हणून दुकानदारांना माझी हात जोडून विनंती आहे. कार्ड विकताना गिऱ्हाईकाच्या कॉम्प्युटरचे कव्हर उघडून एसएमपीएसचा स्टिकर बघा. त्याचा मॉडेल नंबर आणि 12 व्होल्टचे अँपिअर बिलावर लिहून द्या. पुरत नसेल तर तोंडावर सांगा, चार दिवस थांबून पैसे जमवू. साटाचा कन्व्हर्टर कार्डाला लावू नका. आणि मेकॅनिक बंधूंनी "बोर्ड गेलंय" म्हणण्याआधी, प्रोसेसरमध्ये डिस्प्लेची सोय असेल तर, पाच मिनिटे कार्ड काढून चालू करून बघावे.

आपल्या पानावर अशी माहिती साध्या मराठीत अधूनमधून छापली तर मी कात्रण दुकानाच्या दारावर लावीन.

— एक व्हिडिओ एडिटर, वडगाव, बेळगाव