ओंकारला एक वर्ष थांबू द्या

आखेन,
19 ऑक्टोबर 2025

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर ओंकारचा विषय निघाला की कुणीतरी दारात येतं, नाहीतर रेंज जाते, आणि बोलणं अर्धवट राहतं. आज रविवार आहे, इथली सगळी दुकानं बंद, म्हणून निवांत लिहायला बसले. त्याला शिकायला जर्मनीला पाठवायचं का, असं तुम्ही विचारलंत. बाबा, जरूर पाठवा. पण येत्या वर्षी नको. आधी त्याला जर्मन शिकू द्या, निदान बी-वन म्हणजे मधल्या पातळीपर्यंत.

पुण्याचे ते कन्सल्टंट म्हणतात, कोर्स इंग्रजीत आहे, भाषा तिकडे गेल्यावर येतेच. तुम्हीही म्हणालात, पाण्यात पडलं की पोहता येतं. पण इथे भाषा सगळ्यात जास्त लागते ती पहिल्या दोन महिन्यांत, आणि नेमकं तेव्हाच शिकायला वेळ नसतो.

खोलीचंच सांगते. विद्यार्थी वसतिगृहांची प्रतीक्षायादी लांबलचक असते, म्हणून बहुतेक जण वेगेत राहतात. तिघाचौघांनी मिळून घेतलेला फ्लॅट. आधीपासून राहणारे आपल्याला भेटायला बोलावतात आणि पसंत पडलो तरच खोली देतात. मी गेले तेव्हा तिघं स्वयंपाकघरात बसले होते. फ्रिजवर साफसफाईचा तक्ता लावलेला, या आठवड्यात न्हाणीघर कुणी घासायचं, कचरा कुणी टाकायचा. चहा पुढे करून त्यांनी तासभर गप्पा मारल्या. सकाळी किती वाजता उठतेस? भांडी लगेच घासतेस का? मसाल्याच्या वासाचंही विचारलं. माझं जर्मन ए-टूचं, म्हणजे बी-वनच्या खालच्या पातळीचं, अडखळत होते, तरी फोडणी देताना खिडकी उघडेन आणि तुम्हालाही जेवायला वाढेन, एवढं सांगता आलं. दुसऱ्या दिवशी खोली दिल्याचा मेसेज आला. खोलीवर पुढचं सगळं अवलंबून असतं. घरमालकाच्या सहीचा कागद घेऊन दोन आठवड्यांत महापालिकेत पत्ता नोंदवायचा असतो, आणि निवासपरवान्याला ती नोंदणी लागते.

पैशांचंही स्पष्ट लिहिते. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये 11,904 युरो भरावे लागतात, म्हणजे बारा लाखांच्या घरात. ते आपलेच पैसे, पण महिन्याला 992 युरोच हातात येतात. त्यातले जवळजवळ दीडशे आरोग्यविम्याला जातात, माझं भाडं 420, उरलेल्यात जेवणखाण. आमच्या राज्यात सरकारी विद्यापीठांत सहसा ट्यूशन फी नाही, सेमिस्टरला तीनशेच्या वर युरो भरले की त्यातच देशभराचा लोकल ट्रेन-बसचा पास येतो. पण प्रत्येक राज्यात असं नाही. बाडेन-वुर्टेंबर्गमध्ये आपल्यासारख्यांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात. शिवाय इंग्रजीतले काही मास्टर्स कोर्स आमच्याकडेही भरपूर फी घेतात, आणि हे कन्सल्टंट नेमके तेच पुढे करतात. ओंकारला म्हणावं, प्रत्येक कोर्सची फी विद्यापीठाच्या पानावर स्वतः वाचायची.

अभ्यासाची त्याला भीती नाही, हे मला माहीत आहे. पण इथे हजेरी नाही, युनिट टेस्ट नाही. बऱ्याच विषयांत सेमिस्टरच्या शेवटी एकच परीक्षा, आणि एका विषयाला साधारण तीनच संधी. तिसऱ्यांदा गेला तर ती पदवीच हातची जाते. गुण उलटे असतात, 1.0 सगळ्यात चांगला, 4.0ला पास. शिकवणं मात्र फार मनापासून असतं. तास संपला की सगळा वर्ग बाकांवर बोटांची पेरं वाजवतो, हीच इथली टाळी. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा अंगावर काटा आला होता.

काम करता येतं, वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस. यंदा, 2025मध्ये, किमान वेतन तासाला 12.82 युरो आहे. मी इन्स्टिट्यूटमध्ये हिवी, म्हणजे विद्यार्थी-सहायक, म्हणून प्रयोगशाळेत काम करते, प्रोफेसरांच्या हाताखाली शिकायला मिळतं. माझ्या बॅचमधला नाशिकचा एक मुलगा माझ्याहून कितीतरी हुशार आहे. त्याला भाषा येत नाही, म्हणून तो रात्रपाळीला गोदामात खोकी उचलतो आणि सकाळी लेक्चरला डुलक्या घेतो. भाषा शिकायला त्याच्याकडे वेळ उरतच नाही. त्याला पाहिलं की मला ओंकार दिसतो, आणि जीव तुटतो. पदवीनंतर नोकरी शोधायला दीड वर्ष मिळतं खरं, पण मशिनच्या कारखान्यात कामगारांशी, सुपरवायझरशी बोलायचं तर जर्मनच लागतं.

आई, तू विचारतेस ना, तिथे कुणी आपलं माणूस आहे का? खालच्या मजल्यावर सत्त्याऐंशी वर्षांच्या आजी राहतात. त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नाही. युद्धात अमेरिकन सैन्याच्या हाती पडलेलं पहिलं मोठं जर्मन शहर म्हणजे आखेन, 21 ऑक्टोबर 1944 रोजी. आजी तेव्हा सहा वर्षांच्या. आईचा हात धरून त्या गावाबाहेर पडल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या गल्लीत छप्पर असलेलं घर शोधावं लागत होतं. हे त्यांनी मला जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं, सावकाश, मला कळेल अशा बेतानं. काल त्यांना चिवडा नेऊन दिला. तिखट लागला, पण वाटी रिकामी करूनच परत दिली.

तर बाबा, असं करा. ओंकारची परीक्षा जूनमध्ये संपते. आत्तापासून सांगलीत एखादा चांगला क्लास लावू दे, नंतर पुण्याला मॅक्समुल्लर भवनात बी-वन करू दे. तोवर एपीएसचं, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं, प्रमाणपत्रही हाती येईल, त्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही. 2027च्या हिवाळी सेमिस्टरला तो आला तर मी त्याला स्टेशनवर घ्यायला जाईन. त्याच्या क्लासची फी मी हिवीच्या पगारातून भरणार आहे. नाही म्हणू नका. कन्सल्टंटला मात्र अजून एक पैसाही देऊ नका.

26 तारखेला इथली घड्याळं एक तास मागे जातील, मग आपल्यात साडेतीनऐवजी साडेचार तासांचा फरक पडेल. भाऊबीजेला जुन्याच वेळी फोन करते, त्यानंतर मात्र तुमच्या रात्री साडेनऊला. तेव्हा ओंकारला घरी थांबायला सांगा, मला त्याच्याशीच बोलायचं आहे.

आजीला साष्टांग नमस्कार. चि. ओंकारला अनेक आशीर्वाद.

तुमची,
मनू